पितळेचा पावसाळा

वडिवळ्याच्या अंबाजी थोरव्यानं चौतीस वर्षं म्हशीच्या सडाला हात लावला नाही. शेतकऱ्याच्या पोटचा गडी, दारात कायम दोन-तीन जनावरं, आणि हा सकाळी गोठ्यावरून जाताना अंग चोरून लांबून जायचा. गाव हसायचं. "सायेब झालाय सायेब," म्हणायचं. साहेब कसला डोंबलाचा! देहूरोडच्या बाजूला लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोत अंबाजी आधी हमाल म्हणून लागला आणि पुढं तपासणीच्या टेबलावर बसला, एवढंच. पण गोठ्यापासून लांब राहायचं कारण त्या डेपोतच होतं. ते त्यानं गावाला दहांदा सांगितलं, आणि दहाही वेळा गावानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

झालं होतं असं. नोकरीचा पहिलाच आठवडा. पहाटे दूध काढायचं, सायकल हाणत कामशेत स्टेशन गाठायचं आणि लोकलनं देहूरोड, असा अंबाजीचा क्रम. तपासणीवर दिगंबरराव म्हणून तळेगावचे एक गृहस्थ होते. अंगानं पाप्याचं पितर, पण शिस्तीला असे कडक की सुभेदारसुद्धा त्यांच्या टेबलाशी हळू बोलायचे. अंबाजी पेटी घेऊन आत आला तसं त्यांनी नाक वर केलं.

"दूध काढून आलास का रे?"

"व्हय जी."

"मग आधी नळावर जा. कोपरापर्यंत हात धू, साबण लावून. आणि उद्यापासून गोठ्यातल्या कपड्यांवर इथं यायचं नाही. जमत नसेल तर दुसरी नोकरी बघ."

अंबाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. तळेगावच्या माणसाला शेणाचा वास सोसंना, आणि भात मात्र आमचाच गोड लागतो! पण नोकरी नवी होती. हात धुऊन आला आणि गप उभा राहिला. दुपारी दिगंबररावांनी त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या तळहातावर काडतुसाच्या दोन रिकाम्या पुंगळ्या ठेवल्या. दोन्ही पितळेच्या, दोन्ही पिवळ्याधमक.

"ह्यात वाईट कोणती?"

अंबाजीनं दोन्ही उलट्यासुलट्या करून पाहिल्या. मग एकीच्या मानेला, गोळी जिथं बसवतात तिथं, केसाएवढी रेघ दिसली.

"ही. कुनीतरी आपटली."

"कुणी आपटली नाही. पेटीत गप पडून होती. चार महिने कुणी हातसुद्धा लावला नाही आणि तरी फुटली." दिगंबररावांनी चष्मा काढून पुसला. "इंग्रजांच्या राज्यात पावसाळा लागला की लढाया थांबायच्या आणि काडतुसं घोड्यांच्या पागांमधून रचून ठेवायचे. पाऊस सरला, पेट्या उघडल्या, की ह्या असल्या चिरा. पुष्कळ दिवस कुणाला कळेना. मग शोध लागला. घोड्यांच्या मुतातून जो उग्र वास उठतो, तो अमोनिया. तो आणि ओल एकत्र आले की पितळेला चीर जाते."

"सगळ्याच पितळेला?"

"नाही. ज्याच्या पोटात ताण आहे त्याला. पुंगळी थंड असतानाच दाबून, ओढून लांब करतात. आकार येतो, पण ओढल्याचा ताण धातूच्या आत राहून जातो. वरून काही दिसत नाही. म्हणून शेवटी तिच्या मानेला हलका ताव द्यायचा, म्हणजे विस्तवावर धरायची. ताण निघून जातो. चांगल्या पुंगळीच्या मानेवर हा जांभळट डाग बघ, तो तावाचा."

अंबाजीला एक शंका आली आणि त्यानं ती विचारून टाकली. एवढी नाजूक असेल तर पितळ हवंच कशाला, पोलादाच्या का करत नाहीत? दिगंबरराव पहिल्यांदा हसले. म्हणाले, तोफेचा गोळा पोलादाचाच असतो. बंदुकीच्या गोळीच्या पोटात शिसं आणि अंगावर तांब्याचा पातळ अंगरखा. ज्याचं काम त्यानं करावं. बार उडाला की पितळ फुगतं, नळीला घट्ट चिकटून धूर अडवतं, आणि लगेच अंग आवरून मोकळं होतं. पोलाद तेवढं वाकत नाही, एखादे वेळी अडूनच बसतं. आणि पोलाद गंजलं तर गंज दिसतो तरी. पितळ बाहेरून झकपक असतं, म्हणून ते हातात घेऊनच बघावं लागतं.

त्या दिवसापासून गोठा अंबाजीला बंद झाला. पुढं दिगंबरराव निवृत्त झाले, वारले, आणि त्यांच्या टेबलावर अंबाजी बसला. भिंग डोळ्याला लावून त्यानं किती पुंगळ्यांच्या माना तपासल्या त्याला गणती नाही. नवीन पोरं आली की नाक वर करून तोच आता विचारायचा, "दूध काढून आलास का रं?"

घरी दूध काढायची त्याची बायको. तिचं नाव अंबूबाई. अंबाजीची अंबूबाई! लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा अख्खा मांडव हसून लोटपोट झाला होता. बाई कामाला वाघीण आणि तोंडानं फटकळ. नवरा घरातसुद्धा पितळेची भांडी गोठ्याच्या भिंतीपासून लांब, पार दुसऱ्या टोकाला मांडायला लावायचा, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बंदुकीत घालायची हायेत का ही? आमच्या मायच्या घरात म्हशी आन् हंडे शेजारी शेजारी नांदले, एक फुटला न्हाई."

"रोज घासायचा, रोज पानी भरायचं, म्हनून टिकले," अंबाजी म्हणायचा.

"व्हय जी, दारूगोळा मास्तर," म्हणून ती हसत आत जायची.

त्या भांड्यांत अंबूबाईच्या माहेरचा एक हंडा होता. जाड पितळेचा, तांबटानं हातानं ठोकलेला, गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं. अंबूबाईच्या हळदीला ह्याच हंड्यातलं पाणी तिच्या अंगावर घातलं होतं. त्यांची एकुलती एक लेक अनिता, तिच्या हळदीलाही ह्याच हंड्यातलं. तीन वर्षांपूर्वी अंबूबाई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं दुसरं काही मागितलं नाही. अनिताच्या मुलीचं, अपेक्षाचं लग्न बघायला आपण नसणार हे तिला कळून चुकलं होतं. "अपेक्षीच्या हळदीला माझा हंडा द्या," एवढंच म्हणाली. अंबाजीनं तिच्या हातावर हात ठेवून "देतो" म्हटलं. मग ती गेली.

ती गेली आणि घर खायला उठलं. हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. ज्या माणसाला चाळीस वर्षं कुणीतरी येताजाता टोमणे मारत होतं, त्याला एकदम कुणी काही बोलेना. जेवताना भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज मोठा वाटायला लागला.

अनिता चिंचवडला असते. तिचा नवरा कंपनीत, ती शाळेत कारकून, अपेक्षा एका ऑफिसात. आईचे दिवस झाल्यावर ती बापाला घेऊन गेली. अंबाजी आठ दिवस राहिला आणि नवव्या दिवशी पिशवी भरून दारात उभा. "मैनाला कोन बघंल?" म्हणाला. मैना म्हणजे म्हैस. अनिताचा संताप संताप झाला.

"म्हशीला सोपानकाका बघतायत ना? लेकीपेक्षा म्हैस जड झाली का तुम्हाला?"

अंबाजीनं पिशवी खांद्याला लावली.

"मग बसा तिच्यापाशीच. मी परत बोलवायची नाही, सांगून ठेवते."

बोलल्याप्रमाणे तिनं परत बोलावलं नाही. फोन दर रविवारी यायचा, त्यात खंड नाही. पण ती स्वतः यायची ती वर्षश्राद्धाला, आणि संध्याकाळच्या लोकलनं परत. कामशेत ते चिंचवड तासाभराचा रस्ता. तेवढा रस्ता ह्या दोघांना लांब झाला.

अंबाजीनं सदुसष्टाव्या वर्षी दूध काढायला पुन्हा शिकून घेतलं. मैनानं पहिल्या आठवड्यात दोनदा बादली उडवली, एकदा त्याच्या पायावर पाय दिला. मग दोघांचं जमलं. पुढं ती आटली, वय झालं, पुन्हा गाभण राहिली नाही. शेजारचा सोपान म्हणाला, "आबा, आता हिला कशापायी पोसता?" अंबाजी म्हणाला, "आसू दे."

आणि यंदा मे महिन्यात अनिताचा फोन आला, आणि तोही रविवार नसताना. अपेक्षाचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षातली तारीख. "आईचा हंडा लागेल," ती म्हणाली. "मी स्वतः येते न्यायला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी. दिवसभर थांबीन."

दिवसभर थांबीन! म्हातारा त्या दोन शब्दांवर आठवडाभर तरंगत होता. सोपानला सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, रस्त्यानं निघालेल्या अनोळखी माणसालाही सांगायला कमी केलं नसतं. मग त्यानं हंडा काढून पाहिला. हळदी-लग्नांच्या धामधुमीत कधीतरी त्याच्या गळ्याला पोचे आले होते. असा पोचलेला हंडा लेकीच्या हाती द्यायचा? शोभतं का? तो हंडा पोत्यात घालून तळेगावला गेला आणि ओळखीच्या म्हाताऱ्या तांबटापुढं ठेवला.

तांबटानं आतून लाकडी मोगरीचा टेकू धरून बाहेरून ठोकून ठोकून पोचे काढले. गळा पुन्हा गोल झाला. वर चिंच-राख लावून असा उजळला की अंबाजीला त्यात आपलं हसू दिसलं.

"ताव देऊ का?" तांबटानं विचारलं. "थंडाच ठोकलाय. पण तावानं काळा पडेल, परत उजळायला दोन दिवस लागतील. परवा न्या."

अहो, हा प्रश्न ज्याला विचारला त्या माणसानं जन्मभर दुसरं काय केलं होतं? थंड ठोकलेल्या पितळेच्या पोटात काय राहतं हे त्याच्याइतकं मावळात कुणाला ठाऊक होतं? पण समोर हंडा नव्या नवरीसारखा चमकत होता आणि तो घरी नेऊन सोपानला दाखवायची घाई झाली होती.

"नको," अंबाजी म्हणाला. "असाच द्या. छान झालाय."

घरी आणून त्यानं तो गोधडीत गुंडाळला, वरून खताची रिकामी पिशवी बांधली आणि माजघराच्या कोपऱ्यात पाटावर ठेवून दिला. जूनमध्ये पाऊस लागला. लागला तो लागलाच, मावळातला पाऊस, भिंतीसुद्धा घामेजतात. त्याच दिवसांत नाणे मावळात बिबट्यानं कुणाचं तरी कुत्रं उचलल्याची बातमी आली. अंबाजीनं दुसऱ्या दिवशी मैनाला गोठ्यातून सोडलं आणि माजघरात आणून बांधलं. अर्ध्या माजघरात म्हैस, अर्ध्यात त्याची खाट. "बिबट्याचा भरवसा न्हाई," तो सोपानला म्हणाला, आणि सोपानला ते पटलं. गोठ्याला दणकट दार होतं, कडी होती, पण तेवढा विचार कोण करतो.

चार महिने दारं-खिडक्या बंद. खाली म्हशीचं मूत, वर ओल. कोपऱ्यात गोधडीत हंडा. त्यानं शेण काढलं, फरशी धुतली, आणि ज्या वासाला चौतीस वर्षं तो नाक वर करत होता त्या वासात सुखानं झोपला. एकदाही त्याच्या ध्यानात आलं नाही. एकदासुद्धा नाही!

अनिता यायच्या नऊ-दहा दिवस आधी त्यानं दिवाळीसाठी घर झाडायला काढलं. गोधडी सोडली. हंड्यावर कुठंकुठं निळसर हिरवे डाग, बाकी ठीक. चिंचेनं घासला, डाग गेले. मग हौसेनं काठोकाठ पाणी भरून ओट्यावर ठेवला आणि चहा करायला आत गेला. बाहेर आला तर ओटा ओला. आधी वाटलं, आपल्या हातून सांडलं. पुसलं. परत ओला.

त्यानं हंडा रिकामा करून उन्हात धरला. पेटीतून जुनं भिंग काढलं. गळ्यापाशी, तांबटानं जिथं ठोकलं होतं तिथून, एक चीर निघाली होती, आणि तिला बारीक फाटे फुटत ती पोटावर उतरली होती. अंबूबाईच्या नावातल्या दोन ठिपक्यांच्या मधूनच गेली होती. पोचा नाही, मार नाही. भिंगाची गरजच नव्हती खरं तर. डोळे मिटून त्यानं बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं.

अंबाजी ओट्यावर मटकन बसला. पहिल्यांदा त्याला स्वतःची शिसारी आली. मग भीती वाटली. अनिता येणार ती हंड्यासाठी, आणि हंडा फुटला तो म्हशीपायी. ज्या म्हशीवरून लेक तुटली त्याच म्हशीनं लेकीच्या आईची शेवटची वस्तू फोडली, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? सांगितलं तर ती दारातनं परत जाईल आणि मग रविवारचा फोनसुद्धा बंद होईल. मैना खांबाशी रवंथ करत उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "तुझा काय दोष, बाय? अक्कल माझी गेलती चरायला."

दुसऱ्या दिवशी तो हंडा घेऊन कान्ह्याला कैलासकडं गेला. कैलासचं भंगाराचं दुकान, आणि मोडीत आलेली जुनी भांडी हा त्याचा खास माल. त्यानं चीर पाहिली, हळहळला, आणि मागून एक हंडा ओढून आणला. तेवढाच, तसाच, हातठोक्याचा.

"आबा, ह्यो न्या. जुनं नाव घासून काढतो, तुमच्या कारभारनीचं घालून देतो. पाच मिनटाचं काम. पोरीला काय कळतंय?"

अंबाजीनं बोटाच्या सांध्यानं तो वाजवून पाहिला. चांगला खणखणीत होता. कैलासनं नाव घालायचा छन्नी-हातोडा हातात घेतलासुद्धा. अंबाजी मांडीवर हात ठेवून बघत राहिला. खरंच कळलं नसतं. अनितानं हंड्यावरून हात फिरवला असता, आईची आठवण येऊन तिनं डोळे पुसले असते, आणि तो समोर बसून ते बघत राहिला असता. कुणाच्या कोण बाईचा हंडा, आणि त्यावर आपली लेक रडतेय.

"ऱ्हाऊ दे, कैलास," तो म्हणाला.

"का वो? पैशाचं म्हनत असाल तर—"

"तसं न्हाई. मला जमायचं न्हाई."

फुटका हंडा घेऊन तो परत आला. ते आठ दिवस त्याला नीट जेवण गेलं नाही.

रविवारी अकरा वाजता अनिता आली. हंडा गुंडाळायला नवी चादर घेऊन आली होती. उंबऱ्यातच थबकली. अंबाजीनं फिनेल टाकून टाकून घर धुतलं होतं, पण म्हैस काही लपवता येत नाही.

"आबा, ही घरात?"

"तू बस आधी."

त्यानं हंडा पाटावर तिच्यापुढं ठेवला आणि तांब्यानं त्यात पाणी ओतलं. दोघं बघत राहिली. चिरेतून पाणी झिरपलं, पाटावर आलं, पाटावरून खाली आलं. मग डेपोत नव्या पोरांना सांगायचा तसं त्यानं सरळ सांगून टाकलं: थंडा ठोकून घेतला, ताव द्यायला नको म्हटलं, चार महिने म्हशीच्या मुतात ठेवला. पितळेचा काही दोष नाही, तांबटाचा नाही. "माझा हाय," तो म्हणाला.

अनिताचा चेहरा लाल झाला. "एक वस्तू सांगितली होती आईनं. एक! तुम्हाला तरी कळायला नको होतं? आणि म्हैस घरात आणलीच कशाला?"

"बिबट्या..." जिभेवर ते तयारच होतं. तो थांबला. "बिबट्या हिकडं फिरकला बी न्हाई, बाय. गोठ्याला दार हाय चांगलं."

"मग?"

"घरात कुनीतरी दम टाकतंय एवढं ऐकू यावं म्हनून आनली. तुझी आई गेल्यापास्नं माझाच दम मला ऐकू येतोय. झोप लागत न्हाई."

अनिता त्याच्याकडं बघत राहिली. "मग माझ्याकडं का नाही राहिलात? मी काय नको म्हणत होते?"

"तितं बी तसंच. तुमी सकाळी आठला जायाचा, सांजचं सहाला यायाचा. चौथा मजला. कुनाचं दार वाजवू? आठ दिवस मी गॅलरीतनं गाड्या बघितल्या. हितं निदान ही म्हैस तरी माझ्याकडं बघती. तुला सांगितलं आसतं तर तू नोकरी सोडाय निघाली आसतीस. म्हनून म्हशीचं नाव केलं."

तीन वर्षं ती ज्या गोष्टीवर रुसली होती ती गोष्ट अशी घडलीच नव्हती. अनितानं चिरेवरून बोट फिरवलं, खालून वर, आईच्या नावापर्यंत. मग पदर डोळ्याला लावला. अंबाजीला वाटलं, जवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावा. पण हाताला सवय राहिली नव्हती, तो जागीच बसून राहिला.

जरा वेळानं ती म्हणाली, "फुटकं भांडं हळदीला चालत नाही, आबा. तिकडची माणसं बोलतील. मी नवा घेईन." हे ती रागानं बोलली नाही, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. नवी चादर तिनं घडी करून परत पिशवीत घातली. मग उठून तिनं पिठलं-भाकरी केली आणि दोघं जेवली. तिनं आईसारखा एकदा टोमणाही मारला, मीठ कुठं ठेवलंय म्हणून. तेवढ्यानं अंबाजीला गहिवरून आलं.

कामशेत स्टेशनवर तो तिला सोडायला गेला. लोकलला पाच-सात मिनिटं होती.

"चला म्हणत नाही," ती म्हणाली. "मला कळलं. पण एक सांगते. मी दर रविवारी विचारते कसे आहात, तुम्ही म्हणता बरं हाय. तीन वर्षं बरं हाय! मी मेली तेच खरं धरून चालले."

"मग काय सांगू? तू कामात आसतीस."

"आता रोज सातला फोन करीन. 'बरं हाय' म्हणायचं नाही. जे असेल ते सांगायचं."

गाडी आली, ती चढली, गाडी गेली. अंबाजी फलाट रिकामा होईपर्यंत उभा राहिला आणि मग घरी आला. बोलायला माणसं काय, बोलतात. रोज सात म्हणे! तिच्या घरात लगीनघाई, शाळेची कामं. त्यानं त्यावर भरवसा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सोपान लेकीकडं गेला होता, त्यामुळं ओट्यावर कुणी आलं नाही. अंबाजीनं मैनाला पेंढा घातला, खाटेवर बसला, उठला, परत बसला. सातला मोबाईल वाजला तेव्हा तो एवढा दचकला की फोन हातातनं निसटला.

"कसे आहात, आबा?"

"बरं—"

जीभ सवयीनं निघालीच होती. त्यानं तोंड मिटलं. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, भांड्यांचा आवाज, कुणीतरी काहीतरी विचारत होतं.

"आबा?"

"बरं न्हाई, बाय," अंबाजी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच वेगळा वाटला. "सकाळपास्नं कुनाशी एक शबूद बोललो न्हाई मी. आत्ता तुझ्याशी बोलतोय ह्यो पैला."

पलीकडं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा.

"बोला," अनिता म्हणाली. "मी बसलेय."